नऊच्या गोळीबद्दल, नागपूरच्या सासवांना आणि आयांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या सासूबाई, लेकीचं बाळंतपण करणाऱ्या आया, आजेसासवा, आत्या आणि मावश्या यांना

नमस्कार, जय भीम, जय सेवा, सलाम.

तुमच्यापैकी कित्येकींना मी चेहऱ्यानं ओळखते. अठरा वर्षं मी सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशनाच्या टेबलावर बसत होते. माझ्या खोलीबाहेर एक बाकडं होतं. त्यावर तुम्ही बसलेल्या असायच्या. मांडीवर डब्याची पिशवी, हातात चिठ्ठी, पायाशी पाण्याची बाटली. आत तुमची सून किंवा लेक माझ्यासमोर असायची. ती बाहेर आली की तुम्ही विचारायच्या, "एवढा वेळ कायले लागला व बाई?" मी म्हणायचे, "रक्ताची तपासणी होती, थोडं समजावून सांगत होते." त्यापुढे मला एक शब्द बोलता येत नव्हता. तुम्ही मान हलवायच्या, पदर सावरायच्या आणि तिला घेऊन बसथांब्याकडे निघायच्या. तुमच्या पाठीकडे बघताना दरवेळी वाटायचं की खरं तर ज्यांच्याशी बोलायला हवं त्या ह्याच, आणि ह्याच निघून चालल्या.

आज मी त्या टेबलावर नाही. तरी तुमच्यापैकी एकीचंही दार मी ठोठावू शकत नाही, म्हणून हे पत्र सगळ्याजणींच्या नावानं लिहीत आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू झाला. बाईच्या संमतीशिवाय तिचा रिपोर्ट आम्ही सासूला सांगू शकत नाही, सख्ख्या आईलाही नाही. नवऱ्याला सांगण्यासाठीसुद्धा कायद्यात अटी आहेत, आणि सांगितल्यावर तिला मारहाण होईल अशी भीती असेल तर समुपदेशकानं तिथंच थांबायचं असतं. कायदा नव्हता तेव्हाही आम्ही हेच पाळत होतो. मला हे बंधन कधीच जाचक वाटलं नाही. पण त्यातून एक गोष्ट राहून गेली. बाळंतपणाच्या दिवसांत घर जिच्या शब्दावर चालतं, त्या बाईशी आम्ही कधी बोललोच नाही. नवऱ्याला बोलावलं, आशाताईला सांगितलं, आणि सासूला बाकड्यावर बसवून ठेवलं.

"आमच्या घरी तसलं काही नाही" म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नका. तुमच्या घरी नसेलही. असलं तर ते तुम्हाला माहीत असेलच असं नाही. आणि मी जे मागणार आहे ते करायला माहीत असण्याची गरज नाही.

आधी गोळीबद्दल सांगते. पोटुशी बाई दवाखान्यात नाव नोंदवते तेव्हा हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीची चाचणी होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, फेरतपासणीत तो पक्का झाला, की औषध लगेच सुरू करतात. रोज एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असतात. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, म्हणजे एआरटी केंद्रात, ती फुकट मिळते आणि जन्मभर घ्यायची असते. रोज ठरल्या वेळी घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्राच्या तपासणीत तो सापडतही नाही.

लेकराचं सगळं यावर अवलंबून असतं. आईला औषध नसेल तर पोटात असताना, जन्माच्या वेळी आणि पुढे दुधातून मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईनं गोळी नीट घेतली आणि बाळाला त्याचं औषध मिळालं, तर हाच आकडा पाचाच्या खाली येतो.

मी २००६ मध्ये कामाला लागले तेव्हा आमच्या हातात फार काही नव्हतं. बाईला कळा सुरू झाल्या की नेविरापीनची एक गोळी तिला द्यायची, आणि जन्मल्यावर त्याच औषधाचे थेंब बाळाला. बस, एवढंच. रात्री-अपरात्री कोणी घरीच बाळंत झाली की तेही जायचं. त्या वर्षांत मी रिपोर्टची पाकिटं उघडताना हात थरथरताना पाहिलेत, माझेसुद्धा. २०१३-१४ नंतर प्रत्येक गरोदर बाईला तिन्ही औषधं जन्मभरासाठी मिळू लागली आणि चित्र पालटलं. "लेकरू निगेटिव्ह आलं" हे वाक्य मी नंतरच्या वर्षांत इतक्या वेळा बोलले की ते बोलण्यासाठीच मी कामावर जात होते असं म्हणा. म्हणजे औषध आलं, फुकट मिळालं, चांगलंही निघालं. मग अडतं कुठं?

अडतं ते बाळंतपणानंतर. वेगवेगळ्या देशांतले ५१ अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये एक निष्कर्ष छापून आला होता. गरोदरपणात शंभरातल्या सुमारे ७६ बायका गोळ्या नीट घेत होत्या, बाळंत झाल्यावर ५३. आमच्या प्रशिक्षणात हा आकडा कोणी फळ्यावर लिहिला असता तर मी मागच्या बाकावरून सांगितलं असतं की मला हे माझ्या रजिस्टरवरून आधीच माहीत आहे. पोटात बाळ असतं तोवर आईचा जीव त्या गोळीत असतो. बाळ हातात आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, तिचं स्वतःचंही. रात्र रात्र जागरण, टाके, दूध उतरत नाही, बाळ रडतं, पाहुणे येतात. रात्री नऊची गोळी साडेदहाला आठवते, मग सकाळी आठवते, मग आठवतच नाही. आणि नेमका हाच काळ ती बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा पाजत असते.

त्यात आपल्याकडची माहेरची रीत. रीत वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही, माझी दोन्ही बाळंतपणं माहेरीच झाली. पण माझ्या टेबलावरून पाहिलं तर सर्वांत जास्त गोळ्या सुटल्या त्या या वाटेवर. एक मुलगी सांगते, गावं बदलून. उमरेडकडं दिलेली, माहेर गोंदियाकडं. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि भाऊ घ्यायला आला. तिच्याजवळ महिन्याभराच्या गोळ्या होत्या. माहेरी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, तो बुटीबोरीत कंपनीत पाळीवर. दर महिन्याला आणून देईन म्हणाला. एकदा आणल्या, दुसऱ्यांदा सुट्टी मिळाली नाही. मग ती बाळंत झाली, आणि ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठा ओलांडू द्यायचा नाही. ती आईला काय सांगून निघणार होती? बाळ चार महिन्यांचं झाल्यावर ती परत माझ्यासमोर आली तेव्हा कित्येक महिने गोळी बंद होती. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेऊन बाळाची जी तपासणी करतात, तीही झालेली नव्हती. आम्ही केली. पॉझिटिव्ह आली.

ते लेकरू आता शाळेत जातं, रोज औषध घेतं, गणितात हुशार आहे. त्याच्या आजीला मी पुढे भेटले, मुलगीच तिला घेऊन आली. आजी मला म्हणाली, "बाई, मले नाव नसतं सांगतलं तरी चाललं असतं. नुसतं म्हणली असती का माय, मले ह्या तारखेले दवाखान्यात जा लागते, त म्या पाठीवर नेली असती." हे पत्र मी त्या आजीच्या वाक्यावरून लिहायला घेतलं आहे.

तिला कोणी सांगितलं नव्हतं की दवाखान्यात आधी कळवलं तर माहेरच्या जवळच्या केंद्रातून गोळ्या मिळायची सोय होऊ शकते. मी सांगितलं होतं का? रजिस्टरमध्ये खूण आहे. पण डोळ्यांत पाणी असलेल्या बाईला एका बैठकीत वीस गोष्टी सांगितल्या तर त्यातली विसावी तिच्या कानात शिरत नाही, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं.

आता लपवण्याबद्दल. गोळ्या कुठं कुठं लपवल्या जातात ते मी ऐकलं आहे. तांदळाच्या डब्यात, शिलाई मशीनच्या खणात, बाळाच्या लंगोट्यांच्या घडीत, गाडग्यात. डबी हलली की आतल्या गोळ्या खुळखुळतात, म्हणून बायका वर कापूस कोंबतात. लेबल नखानं खरवडून काढतात. गोळ्या मूळ डबीतून काढून कॅल्शियमच्या डबीत भरतात, आणि मग त्यांना ओल लागते. एकीनं टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवल्या होत्या, मे महिन्यात. आपल्याकडं पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्या टिनाखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. औषध थंड, कोरड्या जागी, आपल्याच डबीत राहिलं पाहिजे. पण घरात जिला स्वतःचं म्हणून एक कपाट नाही, तिनं ही जागा आणायची कुठून?

लपवून घेतलेली गोळी वेळेवर घेता येत नाही. नऊ वाजले आणि तुम्ही सगळे टीव्हीसमोर बसलेले असाल तर ती उठून तांदळाच्या डब्यात हात घालणार नाही. सगळे झोपायची वाट बघेल, आणि बाळाला पाजता पाजता तिलाच झोप लागेल.

तुम्ही जीव लावून जे करता त्यातलंही काही या गोळीच्या आड येतं, ते कोणी तुम्हाला सांगत नाही म्हणून मी सांगते. गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. चांगली सासू त्या आठवणीनं देते, कधी कधी सगळ्या गोळ्या एकदमच तळहातावर ठेवते. उपाशीपोटी अशा एकत्र घेतल्या तर लोह आणि कॅल्शियम त्या तिसऱ्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. भरल्या पोटी, जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतं. नाहीतर अंतर ठेवायचं. ती गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी घ्यायची किंवा सहा तास नंतर. दुपारी जेवून लोह घेतलं आणि रात्री नऊला ही गोळी घेतली तर अंतर आपोआप पडतं. आणि सून म्हणाली, "आई, ही मी नंतर घेते," तर "आत्ताच घे माझ्यासमोर" असा आग्रह धरू नका. तिला काहीतरी शिकवलेलं असतं.

उपासाच्या दिवशी गोळी सोडायची नाही. चुकून राहिली तर आठवताच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. एवढं पुरे.

दुधाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथं तुमचंच राज्य असतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. हे सगळ्याच बाळांसाठी खरं आहे, पण ज्या आईला हा आजार आहे तिच्या बाळासाठी तर फार. मध चाटवणं, गुळाचं पाणी, जन्मघुटी, पाणी पाजणं, वरून शेळीचं किंवा पाकिटाचं दूध: यातलं काही आईच्या दुधाबरोबर दिलं की बाळाच्या आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. म्हणून थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं करायचं नाही. मला माहीत आहे, पाचवीला बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवणं यात किती माया असते. माझ्या आईनं माझ्या लेकींना लावलं. पण माझ्यासमोर बसून एक बाळंतीण रडत होती की आजेसासूनं घुटी उगाळली, नको कसं म्हणू, कारण काय सांगू? तिला कारण सांगावं लागू नये म्हणून मी तुम्हाला सांगते. कोणाचीही सून असो, कोणाचंही बाळ असो, सहा महिने घुटी नको, मध नको, पाणी नको. तुमच्या घरी हा नेम आधीच असला तर तिला तोंड उघडावंच लागणार नाही.

स्तनाला चिरा पडल्या, गाठ आली, रक्त किंवा पू दिसला तर "पहिलटकरणीले होतेच तसं" म्हणून दोन दिवस काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कारण तिला विचारू नका, रिक्षा बोलवा.

बाळाला पहिले सहा आठवडे रोज एक पातळ औषध असतं. बाळानुसार डॉक्टर ते वाढवतातही. सहाव्या आठवड्यात लसीकरणाच्या वेळीच टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, तेव्हापासून एक दुसरं औषध सुरू होतं. पुढे सहा महिन्यांनी, वर्षानं आणि शेवटी अठराव्या महिन्यात तपासणी होते. अठरा महिने म्हणजे बारसं, उष्टावण, पहिला वाढदिवस सगळं होऊन गेल्यावरसुद्धा ती एका कागदाची वाट बघत असते. बाळ खेळतंय, हसतंय, आणि ही खिन्न का दिसते असं तुम्हाला वाटलं असेल, तर कदाचित ती दिवस मोजत असेल.

काही जणींना एव्हाना कळलेलंही असेल. त्यांच्याशी थोडं वेगळं बोलते.

भांडी वेगळी करू नका, अंथरूण वेगळं करू नका, बाळ तिच्याकडून काढून घेऊ नका. तिला न्हाऊ घातल्यानं, मालीश केल्यानं, तिनं लाटलेली पोळी खाल्ल्यानं काही होत नाही. हे तुम्ही भिंतीवर वाचलेलं असतं, म्हणून त्यात जास्त वेळ घालवत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. "तिनंच आणलं." किती घरांतून हे वाक्य आलं असेल? नीट विचार करा. पोटुशी राहिली म्हणून तिची तपासणी झाली. तुमच्या मुलाला दिवस जात नाहीत, त्यामुळे त्याला तपासायची कोणाला आठवण झाली नाही. जिचं रक्त आधी काढलं, तिचं नाव आधी निघालं. त्यावरून कोणाकडून कोणाला आलं हे ठरत नाही, ते ठरवून आता कोणाचा फायदाही नाही. मुलाला दवाखान्यात न्या, त्याची तपासणी करून घ्या. निगेटिव्ह निघाला तर तसाच राहावा म्हणून काय करायचं ते सांगतील. पॉझिटिव्ह निघाला तर त्यालाही गोळी सुरू होईल, आणि मग घरात दोघं नऊ वाजता एकमेकांना आठवण करतील. मी पाहिलेल्या जोडप्यांत ज्यांनी सर्वांत नेटानं औषध घेतलं ती अशीच, एका तांब्यातून पाणी ओतून घेणारी.

आणि तिला घराबाहेर काढता येत नाही. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिला आहे.

हे लिहिताना माझी एक चूक मला सांगितलीच पाहिजे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं की घरी सांगितलं की मदत मिळते, म्हणून सांगायलाच हवं. एका मुलीच्या मागे मी लागले. "सासूला विश्वासात घे, त्या समजून घेतील." माझं ऐकून तिनं सांगितलं. आठव्या दिवशी ती बाळाला कडेवर घेऊन, प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी होती. माझ्यावर ती चिडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मॅडम, आता कुठं जाऊ?" तिच्या घराबद्दल मला काय माहीत होतं? सासू गोड बोलते एवढंच बाकड्यावरून दिसलं होतं. त्यानंतर मी कोणालाही "सांग" म्हणाले नाही. "कोणाला सांगितलं तर तुला बरं वाटेल?" एवढंच विचारायचे, आणि उत्तर नाही आलं तरी पुढे जायचे. सांगायचं की नाही, कधी, कोणाला, हे तिनंच ठरवायचं. तुम्हीही तिच्यावर जोर करू नका, आशाताईला आडून विचारू नका, रिपोर्टची फाईल उघडू नका.

मग तुम्ही करायचं काय? एका सासूनं केलं ते सांगते. कामठीकडची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली, बिड्या वळून घर चालवलेली. दोन वर्षं ती सुनेबरोबर दर खेपेला यायची आणि बाकड्यावर बसायची. अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी सून बाहेर जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि तिला आत घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, आज यांना सांगायचं आहे." म्हातारी खाली बसली आणि म्हणाली, "सांगू नको व माय. मले माहीत आहे." आम्ही दोघी बघतच राहिलो. "मले वाचता येत नाही, पण डबीवरचं कागद कोणी खरवडलं त समजते ना. तुनं नाही सांगतलं, म्हून म्या नाही इचारलं." तेव्हा सुनेला एकेक आठवायला लागलं. रोज रात्री नऊच्या सुमारास सासूबाई स्टीलच्या पेल्यात पाणी आणून तिच्या उशाशी ठेवायच्या आणि बाळाला घेऊन अंगणात जायच्या. बाळाला चांदोबा दाखवतो म्हणून. पावसाळ्यातसुद्धा. दहा मिनिटं तिला खोली एकटीला मिळायची. तांदळाच्या कोठीवर एक लहान कुलपाचा पत्र्याचा डबा ठेवला होता, "तुया बांगड्या-गिंगड्या ठेव" म्हणून. आणि जाऊबाईनं एकदा विचारलं, ही रोज कायच्या गोळ्या खाते, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "रक्ताच्या हायेत. म्याच देतो."

मला एवढंच मागायचं आहे. एक पेला पाणी, दहा मिनिटं, एक कुलपाचा डबा आणि कोणी विचारलं तर पुढे होऊन दिलेलं एक उत्तर.

आपल्या भागात गोळी रोज घेणारी बाई म्हणजे एचआयव्हीच, असा अर्थही कृपा करून काढू नका. ती थायरॉइडची असेल, रक्तदाबाची असेल. विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते तुम्ही जाणताच, त्या बायकाही रोज फॉलिक ॲसिड घेतात. म्हणूनच मी म्हणते की गोळी कोणतीही असो, तिला पाणी आणि वेळ द्या. सगळ्याच घरांत सगळ्याच सुनांना हे मिळायला लागलं, तर जिला सर्वांत जास्त गरज आहे ती वेगळी उठून दिसणार नाही.

तिच्या दवाखान्याच्या तारखा लक्षात ठेवा. त्या दिवशी घरी पाहुणे बोलावू नका, धुणं-स्वयंपाक तुम्ही घ्या. माहेरी पाठवताना "गोळ्या किती दिवसांच्या घेतल्या?" एवढं विचारा, कशाच्या ते नको. लेक बाळंतपणाला आली असेल तर पहिल्याच आठवड्यात तिला म्हणा, "तुला इथं कुठल्या दवाखान्यात जायचं असेल तर मला सांग, मी येते, बाहेर बसते." सव्वा महिन्यात बाहेर पडायचं नाही हा नेम दवाखान्यासाठी मोडा. लसीकरणाला जातोच ना आपण. एसटीत या आजारासाठी प्रवासाची सवलत आहे, पण ते पत्र कंडक्टरला दाखवणं म्हणजे गाडीभर सांगणं, म्हणून कितीतरी जणी ते पिशवीतच ठेवतात. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढंच त्यांना बरं. तेव्हा ती भाड्याला पैसे मागेल तर हिशेब न विचारता द्या.

जाता जाता दोन शब्द दवाखाने चालवणाऱ्यांसाठी. डागा, मेयो, मेडिकल, तालुक्याची रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, सगळीकडं दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस असतो. त्या दिवशी बाहेर बसलेल्या सासवांची संख्या आतल्या बायकांपेक्षा कमी नसते. त्यांना बाकड्यावर दोन-तीन तास नुसतं बसवू नका. अर्धा तास त्यांच्याशी बोला, कोणाचाही रिपोर्ट मध्ये न आणता, सगळ्यांशी एकत्र. लोह-कॅल्शियमचं अंतर, सहा महिने फक्त दूध, माहेरी जाताना औषधाचा साठा, रात्रीच्या गोळीला पाणी. यासाठी ना नवी योजना लागते ना नवा निधी. खुर्च्या आहेत, माणसं आलेलीच आहेत.

आणि तुम्हाला, सासूबाई, काही विचारावंसं वाटलं आणि दवाखान्यात तोंड उघडायचा संकोच वाटला, तर १०९७ हा फुकटचा सरकारी फोन आहे. नाव सांगावं लागत नाही. मराठीत बोलता येतं.

येत्या नऊ तारखेला सुनेबरोबर जाल तेव्हा त्या बाकड्यावर बसा, डबा उघडा, दोघी मिळून जेवा. ती आत गेली की बाहेर थांबा. बाहेर आल्यावर एवढा वेळ कायले लागला, असं विचारू नका. "चल, पाणी पी" म्हणा.

तुमची,
एक माजी समुपदेशक
नागपूर